तमाशा, यूट्यूब आणि पीएचडी : सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सर एका ग्रामीण महाविद्यालयात तासिका तत्त्वावर पत्रकारिता शिकवतात. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, झाली आहे, गाईड मिळाले आहेत, आता सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, द्यायचा आहे. विषय ठरवलाय ‘लोककला आणि समाजमाध्यमे : एक चिकित्सक अभ्यास’. त्यात मुख्य भर तमाशावर, आणि शंभर प्रेक्षकांकडून गुगल फॉर्म भरून घ्यायचा विचार आहे. एवढं पुरेल का, हा विषय कलेत बसतो की जनसंवादात, आणि प्रबंध मराठीत लिहिला तर चालेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सर, तिसऱ्याचं उत्तर लगेच देते. मराठीत लिहा. आपल्याकडे या विषयांत मराठीतून प्रबंध लिहिणारे पुष्कळ आहेत. तुमच्या विद्यापीठाचा नियम पाहून घ्या आणि मराठी प्रबंध वाचू शकतील असे बाहेरचे परीक्षक मिळतील ना, हे गाईडना आत्ताच विचारून ठेवा. एकच गोष्ट हात जोडून सांगते : पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मराठी प्रबंध उघडून बघा. कितीतरी नुसते स्कॅन केलेले आहेत, कितीतरी जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात एखादा शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत तिथे असून नसल्यासारखी झाली आहे. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचा वृत्तपत्रविद्या परिभाषा कोश जवळ ठेवा, पण त्यातला एखादा शब्द तुमच्या वर्गातल्या मुलाला कळत नसेल तर सरळ इंग्रजी शब्द वापरा, उदाहरणार्थ ‘फ्रेमिंग’ म्हणा, आणि दोन वाक्यांत समजावून सांगा.

आता दुसरा प्रश्न, कला की जनसंवाद. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याच्या शीर्षभागी बाबासाहेबांनी तुकोबांचा अभंग छापला : ‘काय करूं आतां धरूनियां भीड’. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं, तेव्हा तिथे ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आल्या. राज्य शासनाने १९९० मध्ये या दोन्ही पत्रांचे अंक एकत्र छापले आहेत, मोठ्या ग्रंथालयात तो खंड मिळतो. एकदा तो समोर घेऊन बसा. साहित्याचा अभ्यासक त्या अभंगावर बोलेल आणि खालचा मजकूर पत्रकारितावाल्यांना सोडून देईल. पत्रकारितावाला तो अभंग सजावट समजून थेट अग्रलेखावर जाईल. जनसंवादवाला विचारेल, हे पत्र कोण वाचत होतं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कोण वाचून दाखवत होतं? मला वाटतं खरा प्रश्न या तिघांच्या मध्ये आहे. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याच्याही कानावर अभंग आयुष्यभर पडत आलेला होता. शीर्षभागी तो अभंग ठेवणं म्हणजे काव्य, मांडणी आणि संवाद या तिन्हींचा एकच निर्णय होता. आपण विभाग वेगळे केले, त्यांनी केले नव्हते.

तमाशाला तर हे जास्तच लागू आहे. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशांनी, म्हणजे प्रबोधनासाठी केलेल्या गाण्या-नाट्याच्या कार्यक्रमांनी, तमाशाचाच साचा उचलला आणि त्यात आपला विचार भरला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तेच केलं. गण (सुरुवातीचं वंदन), गवळण (कृष्ण आणि गवळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद), वग (मुख्य नाट्य) या क्रमात काय ठेवलं, काय काढलं, कुठे काय बदललं, ते बघितल्याशिवाय संदेश कळतच नाही. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये नाव कुठल्याही शाखेचं घाला, आरआरसीला, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीला, ते लागतं. अभ्यास करताना मात्र एका डोळ्याने रूप आणि दुसऱ्याने माध्यम बघत राहा.

आता पहिला प्रश्न. शंभर फॉर्म पुरत नाहीत, आणि संख्या कमी आहे म्हणून नव्हे, पाचशे घेतले तरी तेच. गुगल फॉर्म भरतात कोण? तुमचे विद्यार्थी, त्यांचे मित्र, तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सहकारी. यात्रेच्या मैदानात गोणपाट अंथरून सगळ्यात पुढे बसणारा माणूस त्यात येत नाही. मोबाइलवर क्लिप बघणारा त्याचा नातूही बहुधा येत नाही. मग ‘७२ टक्के उत्तरदात्यांच्या मते लोककलांचे जतन होणे आवश्यक आहे’ असं वाक्य येतं, आणि त्यातून कुणालाच काही नवं कळत नाही. ही अशी वाक्यं मी व्हायवामध्ये, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, इतकी ऐकली आहेत, म्हणून कळवळून सांगते.

सर्वेक्षण वाईट असतं असं मात्र नाही. आपल्याच मातीतलं एक उत्तम उदाहरण आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमात ते दोन ओळींत संपवतात याचं मला फार वाईट वाटतं. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग झाला. युनेस्कोची मदत होती. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या ५ जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. गावात रेडिओ ऐकणाऱ्यांचं मंडळ करायचं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, आणि चर्चेत निघालेले प्रश्न पुण्याला कळवायचे. असे २० कार्यक्रम झाले. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ ही कल्पना कॅनडातल्या शेतकरी मंडळांची होती. मूल्यमापनाचं काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि ते समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी पाहिलं.

त्यांनी केलं काय, ते नीट बघा. मंडळं असलेली २० गावं घेतली. तेवढ्यावर थांबले असते तर ‘रेडिओमुळे शेतकऱ्यांचं ज्ञान वाढलं’ एवढं लिहून मोकळे झाले असते. त्यांनी मंडळ नसलेली आणखी २० गावं घेतली, आणि त्यांतही काही रेडिओ असलेली, काही रेडिओ नसलेली. कार्यक्रमांच्या आधी लोकांना प्रश्न विचारले, नंतर पुन्हा विचारले. मंडळ असलेल्या गावांत माहिती चांगलीच वाढलेली दिसली. नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे वाढ फारच थोडी. म्हणजे काम केलं ते रेडिओच्या पेटीने नाही, तिच्याभोवती बसून झालेल्या बोलण्याने. हे उत्तर तुलनेशिवाय हाती लागलंच नसतं.

मला या अहवालाबद्दल आदर आहे आणि त्याचबरोबर एक प्रश्न कायम पडत आलाय : त्या संध्याकाळी, मंडळ बसलेलं असताना, गावातल्या बायका कुठे होत्या? शेतीतलं निम्म्याहून जास्त काम त्यांच्या अंगावर. त्यांचं बोलणं कुठे होत होतं? त्याचं एक उत्तर दुसऱ्याच एका संशोधनात आहे, त्याच्याकडे थोड्या वेळाने येते.

आधी तुमच्या विषयाची मांडणी. ‘लोककला आणि समाजमाध्यमे’ हा विषय नव्हे, ते दोन मोठे शब्द आहेत. त्याऐवजी असं करता येईल का बघा. एक फड, म्हणजे तमाशाची एक मंडळी, घ्या. त्याचा एक वग घ्या. तो यात्रेत उघड्या मैदानावर कसा होतो ते तीन-चार गावांत बसून पाहा. तोच वग यूट्यूबवर कसा आहे ते पाहा : पूर्ण आहे की दहा-दहा मिनिटांचे तुकडे केलेत, गण टाकलाय की गाळलाय, बतावणी वेगळी कापून वर भडक मथळा दिलाय का. आणि मग तो मोबाइलवर बघणाऱ्या चार-सहा जणांशेजारी बसा, कुठे पुढे ढकलतात, कुठे थांबतात, कुणाला पाठवतात. ही तुमची ‘मंडळ असलेली आणि नसलेली गावं’. यातून प्रश्न आपोआप उभे राहतात. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, समोरच्या गर्दीतल्या कुणाला तरी धरून विनोद करतो, तो विनोद क्लिपमध्ये कसा टिकतो? पहिल्या रांगेत वीस मोबाइल वर झाले की गवळणीतली मावशी आपली वाक्यं सांभाळून बोलते का? रात्री दहाच्या भोंग्याच्या नियमामुळे वग आटोपता घ्यावा लागतो, मग पूर्ण वग आता फक्त यूट्यूबवरच उरलाय असं तर नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी होणारा हजेरीचा तमाशा कुणी चित्रित करतं का?

आणखी एक प्रश्न हमखास विचारा : ते चॅनेल कुणाचं आहे? पुष्कळदा ते फडमालकाचं नसतं. व्हीसीडीच्या जमान्यात ज्यांनी वग चित्रित करून यात्रेत विकले, त्यांच्याकडे जुनं चित्रण राहिलं, आणि तेच पुढे वर चढवलं गेलं. जिचं नाचणं लाखो लोक बघतात तिला त्यातला एक रुपया मिळतो का, तिला विचारलं तरी होतं का, हे कुणीतरी नीट शोधून लिहायला हवं आहे. मी तुमच्या जागी असते तर हेच प्रकरण सगळ्यात आधी लिहायला घेतलं असतं.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. नव्वदच्या दशकात मी एका वयस्कर सोंगाड्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन गेले होते. त्यांच्या घरी, दुपारी, खाटेवर बसून त्यांनी मला अख्खी बतावणी म्हणून दाखवली. मी नव्वद मिनिटांची कॅसेट भरली. वर तारीख लिहिली, त्यांचं नाव लिहिलं. पुढच्या चैत्रात त्यांनाच यात्रेत पाहिलं आणि मला कळेचना की हा तोच माणूस आहे. माझ्या कॅसेटमध्ये ते एकेक वाक्य सावकाश, जपून म्हणत होते. निम्मे चावट शब्द त्यांनी गाळले होते. मैदानावर मात्र त्यांचं वाक्य ढोलकीवाल्याच्या थापेवर संपत होतं, आणि हशा ओसरायच्या आत दुसरं सुरू होत होतं. घरी ढोलकी नव्हती, हशा नव्हता, समोर शहरातून आलेली एक बाई होती आणि दाराच्या उंबऱ्यावर त्यांची सून बसलेली होती. यातलं काहीही मी कॅसेटवर लिहिलं नव्हतं. आज ती कॅसेट कुणी ऐकली तर तो समजेल की बतावणी अशी असते. ती बतावणी नाही, मला सांगितलेली बतावणी आहे.

म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आधी स्वतःच्या आवाजात बोला : कुठे आहोत, किती वाजलेत, कोण कोण बसलंय, वाद्य कुठलं आहे, कुणी कशासाठी बोलावलं. अर्धं मिनिट लागतं. त्याच रात्री, झोपण्याआधी, वहीत पान-दोन पानं लिहा. सकाळी लिहू म्हटलं की निम्मं गेलेलं असतं.

आता ते दुसरं संशोधन. पुण्याजवळच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करताना हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे त्या महाराष्ट्रभरातून जमत गेल्या. आज संग्रह एक लाखाहून जास्त ओव्यांचा आहे. त्यांतल्या पुष्कळशा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. जाऊन ऐका. तिथे प्रत्येक ओवीला बाईचं नाव आहे, गाव आहे. ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवात देवाला वाहिलेली असते, आणि दलित वस्तीतल्या बायकांच्या तोंडी तीच सुरुवात भीमरायाला वाहिलेली ऐकू येते. मूकनायकच्या शीर्षभागी झालं तेच जात्यावर झालं : जुनं रूप, नवा माणूस. रेडिओ मंडळाच्या अहवालात ज्या बायका मला सापडत नव्हत्या, त्यांचं बोलणं इथे आहे. नवरा, सासर, भाऊ, सीता, दुष्काळ, आगीनगाडी, सगळं आहे.

आणि हा संग्रह एक अडचणही उघड करतो. कागदावर ओवी म्हणजे सुटसुटीत ओळी. म्हणताना बाई मध्ये ‘गं’ घालते, ‘बाई’ घालते, अर्धी ओळ पुन्हा घेते, दुसरी तिला साथ देते, आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर ते लांबत जातं. लिहिताना हे सगळं गळून पडतं. ध्वनिमुद्रण केलं तर हे राहतं, पण गावात पिठाची गिरणी आल्यावर जातं थांबलेलं असतं, मग ओवी दळणासाठी नाही तर मुद्रणासाठी म्हटली जाते. संग्रह करणाऱ्यांनी हे लपवलं नाही, म्हणून तो विश्वासाचा. तुमच्या क्लिपचंही हेच आहे. कुणीतरी कॅमेरा कुठे लावायचा ते ठरवलं, कुणीतरी कापलं, कुणीतरी मथळा दिला. तो माणूस शोधा, त्याची मुलाखत घ्या. तो तुमच्या प्रबंधात नसेल तर निम्मा प्रबंध नाही.

इतिहासाचं प्रकरण तुम्हाला लिहावं लागेलच. ते कृपया आधीच्या प्रबंधातून उतरवू नका. तमाशाचा इतिहास अशाच उताऱ्यांतून फिरत राहिलाय, आणि एकाची चूक पाच ठिकाणी पोचली आहे. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. १८६८ पासून मुंबई इलाख्याचं सरकार देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर दर आठवड्याला गुप्त अहवाल तयार करून घेत असे. सरकारी भाषांतरकार मराठी, गुजराती वगैरे पत्रं वाचायचे, त्यांना महत्त्वाचं वाटेल त्याचा इंग्रजी गोषवारा करायचे. सत्यशोधकांच्या ‘दीनबंधू’सारख्या पत्राचे मूळ अंक फार थोडे हाती लागतात, तेव्हा अभ्यासकाला याच अहवालांचा आधार घ्यावा लागतो. मी तिथे पहिल्यांदा बसले तेव्हा फार आनंदाने टिपणं घेत सुटले होते. चौथ्या दिवशी लक्षात आलं की मी मराठी माणसाचं लिहिणं वाचतच नाहीये. सरकारला ज्याची काळजी वाटते तेवढंच इथे आलंय. राजद्रोहाचा वास येणारा मजकूर आहे. नाटकाची जाहिरात, लावणीवरची तक्रार, वाचकाने पाठवलेली कविता यांना तिथे जागा मिळायचं कारणच नव्हतं.

त्यावर उपाय एकच. जिथे मूळ अंक आहे तिथे मूळ अंक उघडायचा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तिथली माणसं मदत करतात, मात्र आधी पत्र घेऊन जा आणि वर्ष, महिना नक्की करून जा. जुन्या फाईलचा कागद कडांना तपकिरी होऊन कुरकुरीत झालेला असतो. पान उलटताना टेबलावर तुकडे पडतात. बोटाला थुंकी लावून पान उलटणारे मी पाहिले आहेत, तसं कधीही करू नका. आणि शेवटचं पान आधी बघा. जाहिराती, किंमती, खेळांची वेळ, ‘स्त्रियांची बसण्याची निराळी सोय’ अशा ओळी तिथे असतात. कला बघायला कोण येत होतं ते अग्रलेखापेक्षा तिथे जास्त कळतं.

नियमांचं थोडक्यात. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं, सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ६. शोधनिबंध छापण्याची सक्ती त्यात राहिलेली नाही, तरी विद्यापीठाची अट वेगळी असू शकते, विचारून घ्या. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका. मजकुराचं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई होत नाही, पण त्या आकड्याच्या आडून उतारे घेणं ही चोरीच आहे.

शेवटी माणसांचं. तुम्ही राहुटीत शिराल तेव्हा तुम्हाला कुणी संशोधक समजणार नाही. वृद्ध कलावंत मानधनाचं प्रकरण मंजूर करायला सरकारी माणूस आलाय असं समजतील. एखादी सत्तरीची बाई पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढेल. त्यात आधारची झेरॉक्स, मंडळांची प्रमाणपत्रं, वर्तमानपत्राचं कात्रण, घडीवर फाटलेला जुना फोटो, सगळं तुमच्या हातात ठेवेल. त्या क्षणी स्पष्ट सांगायला हवं की मी मंजुरी देऊ शकत नाही. मग अर्ज भरून द्यायला मदत करा, ती करता येते. संमतीपत्रावर अंगठा घेऊन मोकळं होऊ नका. काय लिहिणार, फोटो कुठे छापणार, नाव घालू की नको, हे तिच्या बोलीत सांगा, आणि ‘नाव नको’ म्हणाली तर घालू नका. नाव न घालण्याचं कारण तिला घरात सून-नातवंडांना सांगावं लागतं, तुम्हाला नाही. तिचा वेळ गेला, त्याचं मानधन आधी ठरवून द्या. आणि प्रबंध झाल्यावर तिच्या भागाची छापील प्रत तिच्या घरी नेऊन, बसून, वाचून दाखवा. दोन वेळा असं झालंय की वाचून दाखवताना समोरून ‘असं नव्हतं बाई’ आलं आणि मला पुढच्या लेखात दुरुस्ती करावी लागली. आता मी सादर करण्याआधीच वाचून दाखवते.

सिनॉप्सिस या महिन्यात देऊ नका, गाईडना तसं सांगा. गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पुढारी सुपारी द्यायला येतात, तारखा आणि रक्कम ठरते, करार लिहिला जातो. तीन-चार दिवस तिथे राहा. पहिल्या दिवशी काही विचारू नका, चहा घेत बसा. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच ऐका की सुपारी ठरवताना मोबाइलवर क्लिप दाखवून बोलणी होतात का, कोण कुणाला दाखवतं, आणि रक्कम वर जाते की खाली. तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान तिथेच लिहून होईल.